उंबर नक्की कुणाला नडतोय?

ताई, नमस्कार.

आमचं घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तीन गुंठ्यांचा प्लॉट, 1978 साली वडिलांनी बांधलेलं घर. मागच्या अंगाला उंबर आहे, तो घराच्याही आधीचा. पाया खणला तेव्हाच तो दुमजली घराएवढा होता, असं वडील सांगायचे. घराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यात 15 फूट जागा आहे. उंबर कुंपणापासून चारेक फुटांवर.

गेली काही वर्षं या झाडाने जीव नकोसा केलाय. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. ड्रेनेजचं चेंबर दोनदा तुंबलं, उघडलं तर आत मुळ्यांचा झुबका. उंबरं पिकली की अंगणात नुसता चिखल, चिलटं, रात्री वटवाघळं. जूनमध्ये एक फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली, तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलंय. मुलाचं लग्न ठरतंय, मागे दोन खोल्या काढायच्यात, तेही या झाडापायी अडलंय.

जुलैमध्ये झाड तोडायची परवानगी मागितली. सात महिने झाले. आधी साहेब नव्हते, मग पाहणी झाली, मग 'हरकत आलीय' म्हणाले. आता म्हणतात, 'पन्नास वर्षांवरचं झाड, हेरिटेज आहे, विसरा.' लेखी काही देत नाहीत. जमीन माझी, झाड माझं, घरपट्टी मी भरतो, मग हे सांगणारे कोण? एक ठेकेदार म्हणतो, बुंध्याला भोकं पाडून औषध सोडतो, पावसाळ्याच्या आत वाळेल, वाळलेल्या झाडाला परवानगी आपोआप मिळते. बायको म्हणते, दत्ताचं झाड आहे, हात लावलात तर मी माहेरी जाईन. काय करू?

– एक त्रस्त घरमालक (नाव-गाव विनंतीवरून छापलेलं नाही)

दादा,

ठेकेदाराचा विषय आधी मिटवू, नाहीतर तो उद्या सकाळी गिरमिट घेऊन दारात उभा राहायचा.

त्याला नाही म्हणून सांगा. शहरी भागातली झाडं 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतात. या कायद्यात 'झाड तोडणे' म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही त्याच व्याख्येत बसतं. म्हणजे बुंध्याला भोक पाडलं त्या दिवशीच तुम्ही विनापरवाना झाड तोडलेलं असेल, वाळेपर्यंत थांबायचीही गरज नाही. शिक्षेत कैद आणि दंड दोन्ही आहेत, आणि गुन्हा ठेकेदाराबरोबर तुमच्याही नावावर चढेल. तुमच्या फाइलला आधीच एक हरकत आहे, म्हणजे गल्लीतलं कुणीतरी या झाडावर डोळा ठेवून बसलंय. काही महिन्यांपूर्वी पंचनाम्यात हिरवंगार लिहिलेलं झाड अचानक वाळलं तर पहिला फोटो कशाचा निघेल?

शिवाय वाळलेला उंबर जिवंत उंबरापेक्षा जास्त धोक्याचा. त्याचं लाकूड मुळात हलकं आणि लवकर कुजणारं. वाळलं की फांद्या वारा नसतानाही गळतात, आणि दोरावर चढणारा कोणताही शहाणा माणूस वाळक्या झाडावर चढत नाही. मग क्रेन आणा. पंधरा फुटांच्या बोळात क्रेन कुठून घालणार? आणि तोवर त्या फांद्या पडत राहणार शेजाऱ्यांच्याच पत्र्यावर.

आता 'झाड माझं, मग हे कोण?' झाड तुमचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. लाकूड तुमचं, सावली तुमची, आणि पडलेल्या फांदीची भरपाईही तुमचीच. पण स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने खोली बांधतानाही तुम्ही बांधकाम परवाना काढताच की. ते जितकं जाचक वाटतं तितकंच हे. चीड समजते, पण या मुद्द्यावर तुम्ही कुठेही जिंकणार नाही, तेव्हा तिथे शक्ती घालवू नका.

खरी चूक तुमच्या अर्जात असावी असा माझा अंदाज आहे. पत्रात जसं लिहिलंय तसंच अर्जात लिहिलं असेल: तडा, चेंबर, चिखल, वटवाघळं, पत्रा आणि शेवटी दोन खोल्या. कार्यालयातल्या माणसाने हे वाचलं की तो सरळ शेवटच्या ओळीवर जातो. 'बांधकामासाठी झाड नको झालंय' असा शेरा त्याच्या मनात पडतो आणि वरची खरी दुखणीही बहाण्यात जमा होतात. कायदा सांगतो की मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं झाड असेल, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल, रहदारीला अडथळा होत असेल, तर परवानगी नाकारू नये. चिलटं आणि वटवाघळं यात बसत नाहीत. मुलाचं लग्नही नाही. तुमच्या यादीतल्या दोनच गोष्टी कायद्याच्या कामाच्या आहेत, तडा आणि फांदी. त्या सुट्या करून बघू.

पण आधी खोल्यांबद्दल स्पष्ट बोलते, कारण सगळ्या घाईचं मूळ तिथे दिसतंय. उंबर कुंपणापासून चार फुटांवर आहे. ती जागा बहुधा मागच्या सामासिक अंतरातच (कुंपणालगत मोकळं सोडावंच लागतं त्या पट्ट्यात) मोडते, म्हणजे झाड नसतं तरी तिथपर्यंत बांधता आलं नसतं. घर आणि कुंपणातल्या पंधरा फुटांतून सामासिक अंतर वजा केलं की उरतं काय, हे तुम्ही आर्किटेक्टला विचारलंय का? पत्रात आर्किटेक्टचा उल्लेखच नाही, ठेकेदाराचा आहे. नकाशा न काढता झाड पाडायला निघालेली बरीच घरं असतात. झाड जातं, दंड भरतात आणि खोली तरीही मंजूर होत नाही. मिळकत पत्रिका आणि जुना मंजूर नकाशा घेऊन आधी आर्किटेक्टकडे जा. दोन खोल्या वर चढवता येतील का, 1978 च्या पायाला तो भार पेलवेल का, हेही त्याच फेरीत विचारा.

आता तडा. इथे थोडं सविस्तर सांगते.

तुमच्याकडे काळी माती असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते हे शेतात पडणाऱ्या भेगांवरून तुम्हाला माहीत असणारच. घराखालीही तेच चालतं. मोठं झाड आसपासच्या मातीतलं पाणी ओढतं, त्यामुळे त्या बाजूची माती उन्हाळ्यात जरा जास्त आकसते आणि भिंतीचा तो कोपरा खाली बसू शकतो. तिरका तडा, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला, हे त्याचं लक्षण असू शकतं. पण तसाच तडा गच्चीचं पाणी पायाशी सोडणाऱ्या पन्हाळीनेही येतो, फुटलेल्या ड्रेनेजनेही येतो, आणि खिडकीवरची आडवी तुळई (लिंटल) अपुरी असली तरी येतो. तुमचं चेंबर दोनदा तुंबलंय. तिथून पाणी पायात मुरत असेल, तर झाडाला दोष देण्याआधी तो पाइप बघायला हवा.

कोणतं कारण आहे हे ओळखायला एक स्वस्त आणि जुना उपाय आहे. तड्यावर आडवी एक पातळ काचपट्टी, बोटभर रुंदीची, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भिंतीच्या गिलाव्यावर नव्हे, गिलावा खरवडून आतल्या विटेवर. शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. शेजारीच तड्याच्या दोन्ही अंगांना एकेक खूण करा आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून ठेवा. काच अखंड राहिली तर तडा जुना आणि थांबलेला आहे, भरून घ्या आणि विसरा. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. आज फेब्रुवारी आहे. मे अखेरीला तडा रुंदावला आणि ऑगस्टमध्ये मिटला, तर माती बोलतेय. पावसात उलट वाढला, तर पाणी कुठून मुरतंय ते शोधा. ही नोंद आणि तारखांसह फोटो घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेलात तर तो अंदाजावर न बोलता काहीतरी लिहून देऊ शकेल.

आणि एक गोष्ट तुमच्या ठेकेदाराने सांगितली नसेल. काळ्या मातीतलं घराच्या जवळचं मोठं झाड एकदम काढलं, तर ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली माती हळूहळू फुगते, दोन-चार पावसाळे फुगत राहते, आणि आजवर खाली बसलेला कोपरा वर उचलला जातो. तडे पुन्हा येतात, या वेळी उलट्या दिशेने. घर वाचवायला झाड काढलं आणि घरच उललं, असं होऊ शकतं. इंजिनिअरला हा प्रश्न मुद्दाम विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

चेंबरचं काम सोपं आहे. धड असलेला पाइप फोडून मूळ सहसा आत शिरत नाही. सांधा गळत असतो, ओल लागते, केसासारखं मूळ आत जातं आणि मग आत त्याचा झुबका होतो. 1978 चे मातीचे नाहीतर सिमेंटचे पाइप असणार, दर दोन-तीन फुटांवर सांधा. ती लाइन काढून पीव्हीसीची टाका, जमलं तर झाडापासून लांबून फिरवा. यात झाडाची परवानगी लागत नाही. एकच सांभाळा: खणताना मनगटापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, त्याच्या खालून पाइप न्या. एका बाजूची जाड मुळं तोडलेलं झाड पहिल्या वादळात दुसऱ्या बाजूला जातं, आणि तुमच्या बाबतीत दुसरी बाजू कुणाची आहे ते सांगायला नको. बुंध्याभोवती फरशी किंवा कोबा केला असेल तर तोही फोडा. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली बुंध्याभोवती 1 मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, ते माप घरच्या अंगणातही धरायला हरकत नाही.

चिखल आणि चिलटांवर माझ्याकडे औषध नाही. खराटा आहे. हंगामात रोज झाडावं लागतं.

राहिली फांदी, आणि ही गोष्ट मात्र तुम्ही फार हलक्यात घेतलीय. जुलैच्या अर्जात तुम्ही स्वतः सहीनिशी लिहून दिलंय की झाड धोकादायक आहे. उद्या दुसरी फांदी पत्र्याऐवजी माणसावर पडली, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल: यांना धोका माहीत होता. 'परवानगी मिळाली नाही' हे उत्तर तोडण्यापुरतं चालेल, पण छाटणीची परवानगी तुम्ही मागितलीच नाही. म्हणून या आठवड्यात स्वतंत्र अर्ज करा, फक्त धोकादायक फांद्या काढून भार हलका करण्याचा. घराच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगावर झुकलेल्या फांद्यांचे फोटो, जूनमध्ये पडलेल्या फांदीचा असेल तर तो, आणि एक हाताने काढलेला नकाशा. यात खोल्यांचा शब्दही नको. तोडण्यापेक्षा छाटणीवर सही करणं अधिकाऱ्यालाही जड जात नाही.

छाटणी कशी करवून घेता यावर पुढची वीस वर्षं अवलंबून आहेत. झाडाचं मुंडण करू देऊ नका. शेंडा उडवला की त्या कापावरून पाच-सहा फुटवे फुटतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि मोठे झाले की तेच मोडून पडतात. वीज कंपनीची माणसं तारांसाठी एकच बाजू कापून जातात, तसंही नको, झाड कलतं. वाळक्या, पोकळ, एकमेकींवर घासणाऱ्या आणि फार लांब गेलेल्या फांद्या, एवढंच. जाड फांदीला आधी खालून एक खाच, मग जरा पुढे वरून काप. फांदी सुटली की उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर गळपट्टीच्या बाहेरून साफ करायचा. खाच न घेता वरून कापली की फांदी जाताना सालीची लांब पट्टी सोलून नेते आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. ठेकेदाराला 'आधी खालून का?' असं विचारून बघा. उत्तर आलं नाही तर दुसरा शोधा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तांबट पक्षी वाळक्या फांद्यांत गोल भोक पाडून घरटं करतो. दिवसभर टुक-टुक ऐकू येत असेल तर तोच. फांदीच्या खालच्या अंगाला रुपयापेक्षा थोडं मोठं, कंपासने काढल्यासारखं भोक दिसलं, तर ती फांदी एप्रिलनंतर काढा. मे अखेरपर्यंत काम उरकलं म्हणजे झालं.

आता कार्यालय. तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे. अर्ज आल्यावर झाडाची पाहणी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, झाडावर सूचना लावणं आणि निर्णय, हे सगळं मिळून 60 दिवसांच्या आत व्हायला हवं, असं कायद्यात आहे. (झाड वाचवायची ती सूचना बहुतेक ठिकाणी झाडालाच खिळा ठोकून लावतात. तुमच्याकडे लावली असेल तर खिळा काढून सुतळीने बांधा.) तुमचे 60 दिवस कधीच उलटून गेलेत. भांडायला जाऊ नका, लहान नगरपरिषदेत झाडांची फाइल पाणीपुरवठ्याच्या नाहीतर आरोग्याच्या टेबलावर जादा कामाची म्हणून पडलेली असते आणि त्या बिचाऱ्या लिपिकाला कायद्याचं पुस्तक कुणी दिलेलं नसतं. माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तराची मुदत 30 दिवस. मागा एवढंच: पाहणीचा पंचनामा, आलेल्या हरकतीची प्रत, वृक्ष प्राधिकरणाच्या (झाडांच्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या) ज्या बैठकीत विषय आला तिचं इतिवृत्त, आणि झाडाचं वय कशावरून ठरवलं त्याचा कागद. पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वयाचा कागद मागा म्हटलं, पण त्यातून फार आशा ठेवू नका. याच कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हटलंय. तुमचे वडील 1978 मध्ये ज्या झाडाला दुमजली म्हणत होते, ते तेव्हा दहा वर्षांचं तरी असणार. उंबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे नुसत्या घेरावरून वय काढलं असेल तर ते फुगलेलं निघू शकतं, पण पन्नासच्या खाली ते काही येत नाही. हेरिटेज म्हणजे कधीच तोडता येत नाही असंही नाही. इंजिनिअरचा अहवाल धोका म्हणत असेल, तर मार्ग खुला आहे, फक्त छाननी कडक आणि बदल्यात द्यायचं ते मोठं. त्याच दुरुस्तीप्रमाणे झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. तुमच्या उंबरासाठी साठच्या आसपास. तीही रोपवाटिकेतली वीतभर रोपं नव्हेत, 6 ते 8 फुटांची, जिओ-टॅग केलेली (म्हणजे प्रत्येकाचं ठिकाण नकाशावर नोंदवलेली), आणि सात वर्षं जगवायची जबाबदारी. तीन गुंठ्यांत साठ झाडं कुठे लावणार? लावता येत नसतील तर झाडाच्या मूल्याइतकी भरपाई भरायचा पर्याय आहे, पण मूल्य म्हणजे सरपणाचा भाव नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरलं होतं. तुमच्या गावात तोच दर लावतील असं नाही, पण हवा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. दोन खोल्यांच्या खर्चात हे धरलंय का, तेही मुलाला विचारा.

म्हणून माझं मत सरळ आहे. पाइप बदला, फांद्या उतरवा, काचपट्टी लावून एक पावसाळा जाऊ द्या, आणि तोडायचा अर्ज सध्या मागे घ्या. ऑगस्टनंतर इंजिनिअरने लेखी दिलं की भिंतीला धोका झाडाचाच आहे आणि दुसरा इलाज नाही, तर त्या एकाच कारणावर, त्या एकाच अहवालासह नवा अर्ज करा. तो नाकारणं त्यांना सोपं जाणार नाही.

वहिनींशी भांडू नका. नृसिंहवाडीला किंवा औदुंबरला त्यांच्याबरोबर एकदा गेलात तर त्या कशाबद्दल बोलतायत ते दिसेल, पटलं नाही तरी. आणि ही श्रद्धा त्यांच्या एकटीची नाही. उंबर म्हटलं की कुऱ्हाड खाली ठेवणारे मजूर तुम्हाला पुष्कळ भेटतील. छाटणीलाही नारळ फोडून, झाडाची माफी मागून मगच चढणारा भेटला तर त्याला मुकाट्याने नारळ आणून द्या. असा माणूस सहसा कामही जपून करतो.

शेजाऱ्यांच्या पत्र्याचे पैसे मात्र कुठल्याही परवानगीची वाट न बघता या आठवड्यात द्या. जूनपासून त्यांनी बोलणं टाकलंय म्हणता, पण तुम्ही पैसे दिल्याचं पत्रात कुठे नाही. त्याच वेळी छाटणीच्या अर्जाची प्रत त्यांना दाखवा आणि सहमती म्हणून त्यांची सही घ्या. हरकत त्यांचीच असेल तर ती तिथेच निघून जाईल. आणि नसली, तरी कुंपणाकडच्या फांद्या दोराने उतरवायला माणूस त्यांच्याच अंगणात उभा करावा लागणार आहे.